इंग्रजीतील खटकणारे शब्द: ते पारखावेत कसे आणि टाळावेत कसे

एखाद्या बैठकीत बोलणाऱ्याने तिसऱ्यांदा ‘ॲट द एंड ऑफ द डे’ म्हटले, की त्याच्या पुढच्या वाक्याकडे आपले लक्ष राहत नाही. आपण नकळत चौथ्या वेळेची वाट पाहू लागतो. हा अनुभव फार जणांचा आहे. ब्रिटनमध्ये १९७९ साली स्थापन झालेल्या ‘प्लेन इंग्लिश कॅम्पेन’ या संस्थेने २००४ मध्ये सत्तरहून अधिक देशांतील आपल्या समर्थकांना सर्वांत वैताग आणणारा शब्दप्रयोग विचारला, तेव्हा पहिला क्रमांक याच सहा शब्दांच्या पालुपदाला मिळाला. त्याच्या पाठोपाठ ‘ॲट धिस मोमेंट इन टाइम’, वाक्यात जागोजागी पेरलेले ‘लाइक’ आणि ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ यांचा नंबर लागला. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या लेक सुपीरिअर स्टेट युनिव्हर्सिटीकडून १९७६ पासून दरवर्षी हद्दपार करण्याजोग्या शब्दांची एक यादी प्रसिद्ध होते. त्या यादीने हे पालुपद १९९९ मध्ये हद्दपार केले होते, आणि २०२२ मध्ये ते पुन्हा एकदा हद्दपार करावे लागले.

यादीत नाव आले म्हणून शब्द लोकांच्या तोंडून जात नाही, एवढे यावरून स्पष्ट होते. ‘व्हॉटेव्हर’चीही तीच गोष्ट आहे. मॅरिस्ट कॉलेजने २००९ मध्ये अमेरिकेत केलेल्या पाहणीत ४७ टक्के लोकांनी तो संभाषणातील सर्वांत त्रासदायक शब्द ठरवला, त्यानंतरही अनेक वर्षे तो त्या पाहणीत पहिलाच येत राहिला, आणि बोलणारे तो बोलतच राहिले. म्हणून बंदी घालायच्या शब्दांची आणखी एक यादी इथे देत नाही. इतरांचा इंग्रजी मजकूर तपासून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे: शब्द कानाला खटकतो, एवढ्यावरून तो वाईट ठरत नाही. तो त्या वाक्यात कोणते काम करतो, हे पाहिल्यावरच तो ठेवायचा की गाळायचा, याचा निर्णय करता येतो. ते काम कसे तपासावे, याची रीत पुढे दिली आहे.

आधी स्वतःचे बोलणे ऐकावे

दुसऱ्याचे पालुपद आपल्याला लगेच ऐकू येते, स्वतःचे मात्र येत नाही, कारण बोलताना आपले लक्ष अर्थाकडे असते आणि सवयीचे शब्द त्या अर्थाच्या मागे आपोआप सरकत राहतात. त्यासाठी दहा-पंधरा मिनिटांचे आपले बोलणे ध्वनिमुद्रित करून शांतपणे ऐकण्याला पर्याय नाही. एका ऑनलाइन बैठकीचे टिपण काढण्यासाठी ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकत असताना, माझ्या बारा मिनिटांच्या निवेदनात ‘बेसिकली’ सतरा वेळा आल्याचे मला आढळले, आणि त्यांपैकी एकाही ठिकाणी मी कशाचाही मूलभूत भाग सांगत नव्हतो. मला वाईट वाटले. पण संख्येपेक्षा जास्त शिकवून गेल्या त्या जागा. प्रत्येक वेळी ‘बेसिकली’ आले होते ते पुढचे वाक्य मनात तयार नसताना, किंवा समोरच्याला हे समजणार नाही अशी धास्ती वाटत असताना. म्हणून केवळ मोजदाद करून थांबू नये. शब्दाच्या आधी काय चालले होते आणि नंतर काय आले, हे प्रत्येक ठिकाणी लिहून ठेवावे. सवयीचे मूळ तिथे सापडते.

लेखनाच्या बाबतीत हे काम अधिक सोपे आहे. पाठवलेल्या शेवटच्या वीस-पंचवीस ईमेल उघडून त्यांत ‘जस्ट’, ‘ॲक्च्युअली’, ‘व्हेरी’ आणि ‘होपफुली’ हे शब्द शोधावेत. जो सर्वांत जास्त वेळा सापडेल, त्या एकाच शब्दापासून सुरुवात करावी. एका वेळी पाच सवयी सोडायला गेलो, तर बोलणे अडखळते आणि माणूस चार दिवसांत प्रयत्न सोडून देतो.

या टप्प्यावर एक सावधगिरी बाळगायला हवी. भाषाशास्त्रज्ञ आर्नल्ड झ्विकी यांनी २००५ मध्ये दोन भ्रमांना नावे दिली. एकदा एखाद्या शब्दाकडे लक्ष गेले की तो सगळीकडे ऐकू येऊ लागतो, आणि तो फारच बोकाळला आहे असे आपल्याला वाटते. हा वारंवारतेचा भ्रम. दुसरा नवेपणाचा: जे आपल्या नजरेस नुकतेच आले, ते भाषेतही नुकतेच आले असावे असे आपण धरून चालतो. खटकणाऱ्या शब्दांविषयीच्या बहुतेक तक्रारींमध्ये या दोहोंपैकी एक भ्रम असतोच. म्हणून ‘हल्ली सगळेच असे बोलतात’ असे म्हणण्याआधी प्रत्यक्ष मोजून पाहावे.

शब्द काढून पाहावा

शब्द गाळणे शक्य असेल तर तो गाळावाच, असा नियम जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मधील एका निबंधात घालून दिला होता. नियम उत्तम आहे, पण शब्द गाळता येतो की नाही हे ठरवायचे कसे, हा प्रश्न उरतो. मी वापरतो ती पद्धत साधी आहे: संशयास्पद शब्द काढून वाक्य मोठ्याने वाचावे. त्यातून तीन गोष्टी संभवतात. काहीच बदलले नाही, तर शब्द फुकाचा होता. तो जाऊ द्यावा. अर्थ तुटला, तर शब्द कामाचा होता. तो कितीही बदनाम असला तरी राहू द्यावा. तिसरी शक्यता सर्वांत महत्त्वाची आहे: शब्द काढल्यावर वाक्य अचानक उघडे, कठोर किंवा पोकळ वाटू लागते. याचा अर्थ, तो शब्द काहीतरी झाकत होता, आणि खरे काम त्या झाकलेल्या गोष्टीवर करायला हवे.

एक नमुना जवळून पाहू. अशा धाटणीची ईमेल जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी आलेली असते: ‘आय जस्ट वॉन्टेड टू रीच आउट टू टच बेस अबाउट द रिपोर्ट. गोइंग फॉरवर्ड, वुई नीड टू लेव्हरेज द फीडबॅक ॲज पर माय लास्ट ईमेल. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट.’

पहिल्या वाक्यात ‘रिपोर्ट’ हा शब्द येईपर्यंत दहा-अकरा शब्द खर्ची पडले आहेत. नमनालाच घडाभर तेल जळाले. ‘जस्ट’ काढला तर अर्थाला धक्का लागत नाही. तो केवळ ‘मी तुम्हाला त्रास देत नाही ना’ एवढी भीती व्यक्त करत होता. ‘रीच आउट’चा मूळ भाव हात पुढे करण्याचा आहे; संकटातील माणसाने मदतीसाठी हात पुढे करावा, किंवा कुणी त्याच्याकडे तो करावा, अशा प्रसंगी तो शब्दप्रयोग हृद्य वाटतो, पण एका अहवालाची चौकशी करण्यासाठी वापरला की त्याचे मोल उतरते. ‘टच बेस’ काढल्यावर काय उरते, हे शोधू लागलो तर काहीच हाती लागत नाही. दुसऱ्या वाक्यातील ‘गोइंग फॉरवर्ड’ अनावश्यक आहे, कारण जे करायची गरज आहे ते यापुढेच होणार. ‘लेव्हरेज द फीडबॅक’ म्हणजे अभिप्रायाचा उपयोग करणे. मात्र कोणता अभिप्राय आणि उपयोग कशासाठी, हे त्यात नाही. ‘ॲज पर माय लास्ट ईमेल’ हा तिसऱ्या प्रकारचा शब्दप्रयोग आहे. तो काढला, की लेखकाचा दबलेला राग उघडा पडतो: मी हे आधीच सांगितले होते आणि तुम्ही ते वाचले नाही. हा राग रास्त असू शकतो, परंतु तो असा कोपऱ्यातून व्यक्त केला तर वाचणारा दुखावतो आणि कामही होत नाही.

शेवटच्या वाक्याबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. ‘डू द नीडफुल’ हा जुन्या ब्रिटिश कचेरी-व्यवहारातला प्रयोग ब्रिटनमध्ये मागे पडला आणि दक्षिण आशियातील इंग्रजीत टिकून राहिला. तो जुना आहे म्हणून मी त्याला नाव ठेवत नाही. त्याची अडचण अशी, की ‘आवश्यक ते’ म्हणजे नेमके काय, हे ठरवण्याची जबाबदारी तो वाचणाऱ्यावर ढकलतो. ‘रिव्हर्ट’चा ब्रिटन-अमेरिकेतील रूढ अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणे असा आहे; त्यामुळे ‘उत्तर द्या’ या अर्थाने तो वापरला, तर तिकडचा वाचक क्षणभर बुचकळ्यात पडतो. त्याऐवजी ‘रिप्लाय’ हा शब्द सर्वांना कळतो.

आता सगळे गाळून पाहिले, तर या ईमेलमध्ये जवळपास काहीच उरत नाही. लिहिणाऱ्याने, आपल्याला कुणाकडून काय आणि केव्हापर्यंत हवे आहे, हे ठरवलेलेच नव्हते. ते ठरवून लिहिले, की वाक्य असे होते: ‘प्लीज करेक्ट द फिगर्स इन सेक्शन थ्री अँड सेंड मी द रिपोर्ट बाय थर्सडे.’ हे वाक्य उद्धट नाही. त्यात ‘प्लीज’ आहे, काम आहे आणि दिवस आहे. ‘सर्कल बॅक’, ‘टेक इट ऑफलाइन’, ‘डीप डाइव्ह’ यांचीही अशीच तपासणी करावी. ‘सर्कल बॅक’च्या जागी तारीख लिहावी. ती लिहिता येत नसेल, तर परत बोलण्याचा आपला विचार नाही, हे स्वतःशी कबूल करावे. ‘यूटिलाइज’च्या जागी बहुतेक ठिकाणी ‘यूज’ पुरतो.

ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्यांच्याबद्दल मला इथे आवर्जून लिहावेसे वाटते. परकी भाषा शिकताना तयार वाक्खंड हा मोठा आधार असतो. तो व्याकरणाच्या चुकीपासून वाचवतो आणि वरिष्ठांच्या ईमेलमध्ये तोच दिसत असल्याने तो प्रतिष्ठेचाही वाटतो. हा आधार घेतल्याबद्दल कुणालाही कमी लेखू नये. फक्त इतके लक्षात ठेवावे, की साधे वाक्य लिहिणारा माणूस इंग्रजीत कच्चा ठरत नाही. ब्रिटिश सरकारच्या अर्थखात्याच्या सूचनेवरून अर्नेस्ट गॉवर्स यांनी साध्या भाषेवरचे आपले पुस्तक लिहिले आणि ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. ते ज्या अधिकाऱ्यांसाठी होते, त्यांची मातृभाषा इंग्रजीच होती.

जोर देणारे शब्द

‘लिटरली’वर जितका राग निघतो, तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या शब्दावर निघत असेल. लॅटिनमधील ‘अक्षर’ या अर्थाच्या शब्दावरून तो आला, म्हणून त्याचा अर्थ शब्दशः, जसे म्हटले तसेच, असा असायला हवा. मग ‘आय लिटरली डाइड’ म्हणणारा माणूस जिवंत कसा, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप घेणाऱ्या मराठी माणसाने एकदा आपल्या ‘अक्षरशः’कडे पाहावे. तोही ‘अक्षर’ या शब्दापासूनच आला आहे, आणि ‘वाट पाहून पाहून अक्षरशः वेड लागायची पाळी आली’ असे आपण बिनदिक्कत म्हणतो. इंग्रजीतला हा लाक्षणिक वापर नवाही नाही. फ्रान्सिस ब्रूक यांच्या १७६९ मधील कादंबरीत तो सापडतो, आणि मेरियम-वेबस्टरच्या १९०९ च्या कोशात त्याची नोंद झाली होती. सत्यतेची ग्वाही देणारे शब्द कालांतराने नुसता जोर देऊ लागतात, हा भाषेचा जुना मार्ग आहे. ‘व्हेरी’ हा शब्दसुद्धा मुळात ‘खरा’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून आला.

तरीही ‘लिटरली’ जपून वापरावा, असे माझे मत आहे. त्याचे कारण वेगळे आहे. त्या शब्दाला एक काम असे आहे, जे दुसरा शब्द तितक्या नेमकेपणाने करत नाही. ऐकणारा जे अलंकारिक समजण्याची शक्यता आहे ते खरोखर घडले, असे सांगायचे असते, तेव्हा तो लागतो. ‘शी लिटरली स्लेप्ट ॲट हर डेस्क’ म्हटले, तर ती बाई घरी न जाता टेबलावर डोके ठेवून झोपली, असे आपल्याला कळायला हवे. प्रत्येक वाक्यात तो पेरला, तर ज्या दिवशी तो खरोखर हवा असेल त्या दिवशी कुणाचा विश्वास बसणार नाही.

‘ॲक्च्युअली’ची गोष्ट थोडी नाजूक आहे. हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनातील अपेक्षा खोडून काढतो. ‘आय लाइक्ड युअर टॉक’ ही स्तुती झाली. ‘आय ॲक्च्युअली लाइक्ड युअर टॉक’ म्हटले, की ते आवडेल अशी माझी अपेक्षा नव्हती, असा अर्थ त्यात मिसळतो आणि समोरच्याचा चेहरा उतरतो. बोलणाऱ्याच्या मनात तसे काही नसते. त्याला केवळ सवय असते. मराठी बोलतानाही हा शब्द आपल्या तोंडी सहज येतो आणि तिथे तो ‘खरे तर’ इतकाच सौम्य असतो, म्हणून इंग्रजीत तो बोचतो हे आपल्या ध्यानात येत नाही. ‘टू बी ऑनेस्ट’चेही असेच आहे. तो वारंवार ऐकला, की याआधीचे बोलणे प्रामाणिक नव्हते काय, अशी शंका डोकावते. ‘ऑब्व्हिअसली’ त्याहून वाईट, कारण समोरच्याला ती गोष्ट ठाऊक नसेल, तर आपण त्याला अडाणी ठरवून मोकळे होतो.

एकशे दहा टक्के प्रयत्नांबद्दल लिहिण्यासारखे फारसे काही नाही. ते टाळावे.

ढालीसारखे शब्दप्रयोग

काही शब्दप्रयोगांच्या आड बोलणारा स्वतःला सुरक्षित ठेवतो. ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ ऐकले, की पुढे अनादर येणार हे ऐकणाऱ्याला कळून चुकते. ‘नो ऑफेन्स, बट’ म्हटले, की लागट बोल ठरलेलाच. आणि ‘आय ॲम जस्ट सेइंग’ हा बोलून झाल्यावर जबाबदारी झटकण्याचा प्रकार आहे. हे तिन्ही काढून वाक्य वाचावे. वाक्य सभ्य आणि ठाम उरले, तर प्रस्तावनेची गरज नव्हती. वाक्य झोंबणारे उरले, तर प्रस्तावना बदलून काही होणार नाही, वाक्यच बदलायला हवे. मतभेद व्यक्त करण्यासाठी कोणत्या मुद्द्यावर मतभेद आहे ते सांगणे सर्वांत आदराचे असते: ‘आय ॲग्री अबाउट द बजेट, बट आय थिंक द डेडलाइन इज टू अर्ली.’ इथे समोरच्याचे म्हणणे आपण नीट ऐकले आहे, हे वाक्यातूनच सिद्ध होते.

‘इट इज व्हॉट इट इज’ या वाक्याने मला स्वतःला सर्वांत जास्त अस्वस्थ केले आहे. एका सहकाऱ्याचे वर्षभराचे काम नामंजूर झाले होते. तो ते सांगत असताना टेबलापलीकडच्या एकाने हे वाक्य उच्चारले आणि तो बोलायचा थांबला. त्या गृहस्थांच्या मनात दुष्टावा नव्हता. काय बोलावे ते न सुचल्याने त्यांनी हाताशी आलेले तयार वाक्य पुढे केले. पण तयार वाक्याने दार बंद झाले. अशा वेळी ‘आय ॲम सॉरी’ आणि त्यानंतर ‘व्हॉट विल यू डू नाऊ?’ एवढे दोन साधे उद्गार पुरतात, कारण दुसऱ्या उद्गारात प्रश्न आहे आणि प्रश्नामुळे माणूस पुढे बोलू शकतो. स्वतःच्या नशिबाविषयी बोलताना हेच वाक्य धीराचे ठरू शकते; दुसऱ्याच्या दुःखावर ते लावू नये. ‘व्हॉटेव्हर’ही नेमक्या याच कारणाने डोक्यात जातो: ‘जे काही असेल ते’ या अर्थाने तो निरुपद्रवी आहे, पण एकट्याने उच्चारला, की समोरच्याचे म्हणणे उत्तर देण्याच्याही लायकीचे नाही, असे तो सांगतो.

जे दिसते तितके निरुपयोगी नाही

बोलताना येणारे ‘अ’ आणि ‘अम्’ पूर्णपणे काढून टाकण्याच्या मागे लागू नये. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी २००२ मध्ये दाखवून दिले, की इंग्रजी बोलणारे लहान विरामाआधी ‘अ’ आणि मोठ्या विरामाआधी ‘अम्’ वापरतात. म्हणजे ऐकणाऱ्याला ‘थोडे थांबा, माझे बोलणे संपलेले नाही’ अशी सूचना त्यातून मिळत असते. भाषण करताना ते कमी करावेत. गप्पांमध्ये त्यांची चिंता करू नये.

‘लाइक’च्या बाबतीतही सरसकट निकाल देणे अन्यायाचे होईल. ‘इट वॉज, लाइक, रिअली, लाइक, कोल्ड’ यातील दोन्ही ‘लाइक’ काढले तर वाक्य सुधारते. परंतु ‘आय वॉज लाइक, नो वे’ यातील ‘लाइक’ काढता येत नाही, आणि त्याच्या जागी ‘सेड’ घातला तर अर्थ बदलतो, कारण बोलणारा आपण उच्चारलेले शब्द सांगत नसून त्या क्षणी मनात काय आले ते सांगत असतो. ‘मी म्हटले’ आणि ‘मला असे झाले, की’ यांत मराठीत जो फरक आहे, तोच हा. औपचारिक लेखनात त्याला जागा नाही. मित्राशी बोलताना तो चोख काम करतो.

द्विरुक्तीबद्दल थोडक्यात सांगतो. ‘फ्री गिफ्ट’, ‘एंड रिझल्ट’, ‘पास्ट हिस्टरी’, ‘ॲडव्हान्स प्लॅनिंग’ हे सगळे पिवळ्या पीतांबराचे भाऊबंद आहेत, आणि लेखनात ते निस्तरून टाकणे सोपे आहे. ‘एटीएम मशीन’ आणि ‘पिन नंबर’ यांत शेवटचा शब्द दोनदा येतो हे खरे, परंतु नुसते ‘पिन’ म्हटल्यावर टाचणी समजण्याचा संभव असेल, तिथे ‘नंबर’ जोडणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. करारनाम्यातील ‘नल अँड व्हॉइड’सारख्या जोड्यांना हात लावू नये, ते काम वकिलांचे आहे.

‘थँक यू’ला उत्तर म्हणून ‘नो प्रॉब्लेम’ म्हटले, की अनेक वयस्क श्रोते नाराज होतात, कारण ‘म्हणजे त्रास होण्याची शक्यता होती तर’ असे त्यांना ऐकू येते. तरुणांना मात्र ‘यू आर वेलकम’ ताठर वाटते. दोन्ही ठिकाणी हेतू सौजन्याचाच आहे. मी समोरच्याचे वय पाहून दोन्ही वापरतो.

नियम सांगण्याआधी इतिहास पाहावा

दुसऱ्याची चूक काढण्याआधी तो शब्द कोशात पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण आजवर ज्या शब्दांवर मोठमोठ्या माणसांनी आग पाखडली, त्यांतील कित्येक आज कुणाच्या डोळ्यांतही येत नाहीत. जोनाथन स्विफ्ट यांनी १७१० मध्ये ‘मॉब’ आणि ‘बँटर’ या शब्दांविरुद्ध लिहिले आणि त्यांचा प्रसार रोखण्यासाठी आपण वर्षानुवर्षे झटल्याचे सांगितले. बेंजामिन फ्रँकलिन यांनी २६ डिसेंबर १७८९ रोजी कोशकार नोआ वेबस्टर यांना पत्र लिहून ‘नोटिस’, ‘ॲडव्होकेट’ आणि ‘प्रोग्रेस’ हे शब्द क्रियापद म्हणून वापरले जात असल्याची तक्रार केली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘कॉन्टॅक्ट’ हे क्रियापद अनेकांच्या कानाला टोचत होते. आज ‘रीच आउट’वर चिडणारा माणूस त्याला पर्याय म्हणून नेमका तोच शब्द सुचवतो.

‘होपफुली’चा प्रवास तर डोळ्यांसमोरचा आहे. ‘होपफुली, इट विल नॉट रेन’ अशा वाक्यात आशा कोण करतो, पाऊस की बोलणारा, असा आक्षेप १९६०च्या दशकात जोरात होता आणि अनेक वृत्तपत्रे हा वापर टाळत असत. असोसिएटेड प्रेसच्या शैलीपुस्तकाने एप्रिल २०१२ मध्ये तो मान्य केला. ‘फ्रँकली’ किंवा ‘लकिली’ वाक्याच्या आरंभी येतात तेव्हा कुणी हरकत घेत नाही, हे लक्षात घेतले तर तो आक्षेप मुळातच टिकणारा नव्हता. याउलट ‘इररिगार्डलेस’ कोशांत असूनही टाळावा, असे मी सांगतो. तो शब्द नाही असे म्हणणे चुकीचे आहे, पण ‘रिगार्डलेस’ तेच काम कमी अक्षरांत करतो आणि लांब शब्द वापरल्याने वाचकाचे लक्ष मुद्द्यावरून उडते.

दुसऱ्याला सांगावे का

विचारल्याशिवाय सांगू नये, हे माझे उत्तर आहे, आणि विचारले तरी चारचौघांत सांगू नये. भाषेची चूक दाखवणे ऐकणाऱ्याला स्वतःवरची टीका वाटते. त्याचे पालुपद मोजून दाखवण्यापेक्षा त्याच्या मजकुराविषयी प्रश्न विचारावा: ‘तुम्हाला हे कुणाकडून हवे आहे?’, ‘केव्हापर्यंत?’, ‘हे म्हणजे नेमके काय?’ उत्तर देताना माणूस आपोआप साध्या भाषेत बोलतो, आणि तेच वाक्य लिहा असे सांगितले की काम होते. नव्याने रुजू झालेल्या एका सहकाऱ्याची वर दिल्यासारखीच ईमेल माझ्याकडे तपासायला आली होती. मी एकही शब्द न खोडता हे तीन प्रश्न विचारले, आणि त्याने स्वतःच सगळा मजकूर दोन ओळींत आणला.

आपल्याला होणारा त्रास कोणत्या जातीचा आहे, हेही ओळखावे. अमेरिकेतील ओबर्लिन कॉलेजचे पॉल थिबोडो यांनी २०१६ मध्ये ‘मॉइस्ट’ या शब्दाच्या तिरस्कारावर संशोधन प्रसिद्ध केले. दहा ते वीस टक्के लोकांना त्या शब्दाची शिसारी येते, आणि ती त्याच्या उच्चारामुळे नसून त्याच्याशी जोडलेल्या शरीरधर्मांमुळे येते, असे त्यात आढळले. असा शब्द वाक्यातून काढून पाहण्यात काही हशील नाही, कारण तो आपले काम व्यवस्थित करत असतो. तो आपण वापरू नये, दुसऱ्याने वापरला तर सोडून द्यावे.

मी माझ्या टेबलावर एका वेळी एकाच शब्दाची चिठ्ठी चिकटवून ठेवतो आणि आठ आठवडे त्या एकावरच लक्ष ठेवतो. ‘बेसिकली’ जायला दोन फेऱ्या लागल्या, ‘जस्ट’ पहिल्याच फेरीत गेला. सध्या चिठ्ठीवर ‘ऑब्व्हिअसली’ आहे. तो तोंडावर येतो तेव्हा मी क्षणभर थांबतो आणि समोरच्याला ही गोष्ट खरोखर ठाऊक आहे का, ते आधी विचारतो.